मंगळवार, सव्वानऊ

हडर्सफील्डच्या बस डेपोत, पुरुषांच्या मुतारीत,
डोळ्यांच्या बरोबर उंचीवर
मी एक चिठ्ठी चिकटवली आहे.
'लाल दिसलं? एकदाच जरी? दुखत नसलं तरी?
डॉक्टरकडे जा.'
आधी इंग्रजीत, खाली पंजाबीत, अगदी तळाशी मराठीत.
मराठी वाचणारा इथे मी एकटाच.
तरी असू दे.

मला दिसलं होतं मार्चमध्ये.
पहाटेची पहिली फेरी, बाहेर गारा.
पाणी सोडलं आणि निघालो.
आदल्या रात्री हेमलतानं बिटाची कोशिंबीर केली होती.
केवढा आधार वाटला त्या बिटाचा!
दुसऱ्या दिवशी स्वच्छ. तिसऱ्या दिवशी स्वच्छ.
आणि दुखत नाही त्याला आमच्यात दुखणं म्हणत नाहीत.
शिवाय लघवीचा विषय
जेवताना काढायचा नाही, झोपताना काढवत नाही,
मग काढणार कधी?

डॅशबोर्डवर लाल दिवा लागला
आणि आपोआप विझला,
तरी मी बस कडेला घेतो, वहीत नोंद करतो.
सव्वीस वर्षं. एकदाही चुकलो नाही.

सात महिने ती गाठ माझ्याबरोबर
होल्मफर्थच्या फेऱ्या मारत होती,
तिकीट न काढता,
डाव्या बरगडीखाली, लिंबाएवढी.

'एका मूत्रपिंडावर भागतं माणसाचं,'
ओलुची सिस्टर म्हणाली, उशी सरळ करत.
भागतं. खरंच भागतं.
जिना चढताना टाक्यांची जागा ओढते, एवढंच.

चिठ्ठी सफाईवाल्यानं दोनदा काढली,
मी तिसऱ्यांदा लावली.
ट्रेवरनं खाली लिहिलं, 'बीट कमी खा.'
हसलो. बिटाचं मीच सांगितलं होतं त्याला.
कुणी एक लाल बस काढली, चाकं विसरून.

परवा त्या बसखाली, पेन्सिलीनं,
इतकं बारीक की वाकावं लागलं:
'मंगळवार, सव्वानऊ.'
बाकी काही नाही. नाव नाही.

कॅन्टीनमध्ये सगळे खिडकीकडे तोंड करून चहा पितात.
मी एकेका पाठीकडे पाहतो.
विचारत नाही.
मंगळवारी सकाळची फेरी कुणी बदलून घेतली,
ते दाराजवळच्या फलकावर लिहिलेलं असेल.
तिथून जाताना मी
बुटांकडे बघत जातो.