जादा जमा

बॉयसी विमानतळाजवळच्या हॉटेलात बैठक.
टेबलाभोवती बारा विद्यापीठांचे बारा अध्यक्ष,
भिंतीकडेच्या खुर्च्यांवर आम्ही हिशेबवाले,
मांडीवर फायली,
चेहरे पोटात दुखत असल्यासारखे.

मुद्दा साधा आहे.
आमच्या खेळांचे पैसे केबल कंपनी देते ते घरटी:
एका घरामागे महिन्याला ऐंशी सेंट.
दहा वर्षं तिने घरं चुकीची मोजली.
जास्त मोजली.
आता म्हणते, परत करा.
पाच कोटी डॉलर, आणि वर थोडे.
(त्या ‘थोडे’मध्ये माझा जन्माचा पगार सात वेळा बसतो.)

मार्सेला ओयार्झाबाल उभी राहते. तिनेच शोधलं हे.
तिचे आजोबा ओवायहीच्या डोंगरांत मेंढ्या राखायचे,
पांढऱ्या शंभरांमागे एक काळी सोडायचे,
संध्याकाळी फक्त काळ्या मोजायच्या.
काळ्या भरल्या की कळप भरला.
‘मी यादीत काळ्या शोधल्या,’ ती म्हणते,
‘त्या वीसच होत्या, आणि आपण
तीन हजार मेंढ्यांची लोकर विकत होतो.’

कुणी हसत नाही.
अध्यक्ष ओम्डाल चष्मा पुसतात. कधी कळलं?
‘मला मार्चमध्ये.
वरच्या दोघांना सहा वर्षांपूर्वी.’

सहा वर्षं हाताची घडी, तोंडावर बोट.
ते दोघे आता घरी आहेत,
आणि काढून टाकलं म्हणून त्यांनी आपल्यावरच दावा लावलाय.
वकील ताशी नऊशे घेतो. तो पाणी पितो तेव्हाही
घड्याळ चालू असतं.

मी काही बोलत नाही. बोलायला हवं होतं.
दर एप्रिलला माझ्या अंदाजापेक्षा रक्कम मोठी यायची.
मी रकान्यात ‘जादा जमा’ लिहायचे
आणि जेवायला जायचे.
पदरात पडलं, पवित्र झालं.
त्यातून तलावाला निळ्या फरश्या बसल्या.
उद्घाटनाला मीही होते, केक खाल्ला,
निळं क्रीम दोन दिवस जिभेवर राहिलं.

यादी हातोहात फिरत माझ्याकडे येते.
वणव्यात जळालेली गल्ली आहे तीत,
बंद पडलेलं मोटेल आहे,
बावीस खोल्या, बावीस घरं.
आणि पान एकशे चाळीसवर
बर्न्स गावातला एक पत्ता.

आईला वृद्धाश्रमात ठेवलं त्या आठवड्यात
केबलचा डबा मीच काउंटरवर परत दिला होता.
पावती घेतली. वायर गुंडाळून दिली, नीट, तिच्यासारखी.
तरी पुढची पाच वर्षं
त्या रिकाम्या घरात
कुणीतरी आमच्या कुस्त्या पाहत होतं.
आईला खेळ आवडायचे नाहीत.
कुणी पडलं की ती चॅनल बदलायची.

साठ महिने, ऐंशी सेंट. अठ्ठेचाळीस डॉलर.
मी ते फाईलच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिते, खोडते,
पुन्हा लिहिते.

चारच्या सुमारास ठरतं:
हप्ते कापून घेऊ द्यायचे, तीन वर्षं.
फुटबॉलला हात लावायचा नाही.
आमच्या विद्यापीठाने तलाव बंद करायचा.
ठराव वाचायला चाळीस सेकंद लागतात,
मी पाहिलं घड्याळात.

डॅनिका फॉल्कनबर्ग उताणी पोहते.
छताखालच्या झेंड्यांपासून भिंतीपर्यंत चार हात,
चौथ्याला वळायचं. तिला भिंत दिसत नाही.
तिने मला एकदा सांगितलं होतं:
मोजणी चुकली तर डोकंच आपटतं, मॅडम,
म्हणून कुणीच चुकत नाही.

तिला आज रात्री फोन करायचाय.
प्रशिक्षकाने करायचा खरं तर, पण तो म्हणाला,
आकडे तुमच्याकडे आहेत.

बाहेर पार्किंगमध्ये मार्सेला गाडीची चावी शोधतेय,
खिसा, पर्स, पुन्हा तोच खिसा.
मी विचारते, काळ्या मेंढ्या कधी हरवायच्या का गं?
ती म्हणते, हरवायच्या ना.
आजोबा मग रात्रभर घरी यायचे नाहीत.