उणे बावीस

नऊशे नव्वद ग्रॅम.
दुकानात सेरझानने तो तळहातावर तोलला,
म्हणाला, "वहीएवढा तर आहे, कुरालाय."
मग तीन महिने त्याने एकही रविवार घेतला नाही.

जाहिरातीतला वेग खरा होता.
खोटं कशाला बोलू?
पहिली अडीच मिनिटं अगदी खरा होता.
त्यानंतर पंखा कानाशी डास यावा तसा गुणगुणायचा,
मधल्या ओळीच्या कळांवर बोट टेकवेना,
आणि आत कुणीतरी गुपचूप गियर उतरवायचं.
सत्त्याण्णव अंशांवर तो आपलं आपण ठरवतो: पुरे.
मग माझ्या पोहण्याच्या तलावाचं छत
पडद्यावर एकेक चौकोन करत उगवतं,
पेन्शनच्या खिडकीवरची रांग सरकावी तसं.

गुरुवारी सकाळी नऊला चौदा चित्रं द्यायची.
बुधवारी रात्री अकराला हातात तीन.

आमच्या कारागंडात जानेवारीतही खोलीत सत्तावीस अंश.
रेडिएटरला नळ नाही,
नऊ मजल्यांना मिळून एकच ऊब,
ती नको म्हणायची सोय नाही.
दुकानदाराने सांगितलं होतं, पातळ आहे, जपा.
पातळ म्हणजे आत वाऱ्याला जागा नाही,
हे त्याने नव्हतं सांगितलं.

शेवटी बाल्कनीचं दार उघडलं.
बाहेर उणे बावीस.
काकडीच्या लोणच्याच्या बरण्या, मोडकी घसरगाडी,
हिवाळ्यासाठी ठेवलेलं घोड्याचं मांस, पोत्यात, दगड झालेलं.
पोत्यावर ओव्हनची जाळी, जाळीवर लॅपटॉप,
दाराच्या फटीतून वायर.

आणि तो धावला!
पंखा गप्प. आकडे वर गेले ते खाली येईचनात.
तलावाच्या छताखाली निळं पाणी भरलं,
पाण्यात खांबांच्या सावल्या उतरल्या.
मी आईचा जुना कोट घालून शेजारी उकिडवी,
दर वीस मिनिटांनी एक बटण दाबायला
हातमोजा काढायचा, परत घालायचा.
तिसऱ्या खेपेला बोट माझं राहिलं नव्हतं.
आता मी मंद होत होते.

शेजारच्या बाल्कनीत विल्हेल्म आदामोविच
सिगरेट ओढायला आले.
एकतीस वर्षं खाणीच्या वायुवीजन खात्यात.
त्यांनी आधी यंत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"गरम झालं की हळू होतं?"
"हो ना. वैताग आहे."
"शहाणं आहे," ते म्हणाले.
"आमच्याकडे पंखा पडला की नियम होता,
आधी माणसं वर, मग कारण शोधा."
राख झाडली.
"नियम होता," पुन्हा म्हणाले, आणि आत गेले.

पाच वाजून दहा मिनिटांनी चौदावं चित्र.
लॅपटॉप पिशवीत घालून गाठ मारली.
थंडीतून आणलेलं लगेच उघडायचं नसतं,
आत पाणी धरतं.
तासभर थांबायचं, सगळे सांगतात.

सहाला सेरझान आला.
कितीही धुतलं तरी पापण्यांना कोळसा,
काजळ घातल्यासारखा.
पिशवीवर हात ठेवून म्हणाला, "गार तर आहे.
मग दुकानात परत का द्यायचा म्हणत होतीस?"

मला विचारायचं होतं,
तू किती अंशांवर हळू होतोस?
विचारलं, "चहा?"

त्याने हो म्हटलं. चहा आणेपर्यंत
तो खुर्चीतच झोपला होता, एक बूट पायात,
दुसऱ्याची नाडी हातात.

घड्याळ पाहिलं. नऊला कॉलेज.
पिशवीवर बाहेरून थेंब जमले होते.
गाठ सोडायला अजून अर्धा तास.
बूट मी काढला नाही.
कप त्याच्यापासून जरा लांब ठेवला
आणि स्वयंपाकघरातला दिवा मालवला.