मठार

शाल्मली फार गुणी, असं सगळी तांबट आळी म्हणायची.
समोर बंबाला ठोके पडतायत, शेजारी घंगाळाला,
आणि ही पाळण्यात मूठ उघडी टाकून गाढ.
पोटातूनच मठार ऐकून आलीये, म्हणाल्या सासूबाई.
मीही हसले.
मला या गल्लीत दुपारची झोप लागायला
दोन वर्षं लागली होती.

जन्माच्या वेळचा एक कागद होता फाइलीत,
लसींच्या कार्डामागे, चार घड्या घातलेला.
डावा कान: रेफर. उजवा कान: रेफर.
महिन्यानं परत आणा, असं कोणी सांगितलं असेलही.
टाके दुखत होते, दूध येत नव्हतं,
आणि रेफर म्हणजे काय
ते विचारायचं राहून गेलं.

आठव्या महिन्यात कुकरचं झाकण
तिच्या पाठीमागे फरशीवर पडलं, माझ्याच हातून.
ती चिपट्याशी खेळत राहिली.
मी झाकण उचललं.
मग दार लावून घेतलं
आणि पुन्हा पाडलं.

पहाटे तीनला उठवा, इथे येईपर्यंत झोपू देऊ नका,
असं तस्नीम मॅडमनी बजावलेलं.
म्हणून कुंभारवेशीच्या पुलावर आम्ही दोघं
तिला आलटूनपालटून कडेवर घेऊन,
तळपायाला गुदगुल्या करत.
दूधवाल्यानं सायकल थांबवून विचारलं, झोपत नाही का पोर?
हेरंब म्हणाला, झोपायलाच नेतोय.

तिथे मी पाजलं. ती झोपली.
मॅडमनी कपाळावरची तीट ओल्या कापसानं पुसली,
तिथं एक वायर लावली, कानांमागे दोन.
यंत्र तिच्या कानात टकटक करत राहिलं
आणि पडद्यावर एक रेघ
सपाट, सपाट,
मग खूप वेळानं, आवाज खूप वाढवल्यावर
एक बारीकसा उंचवटा.
मी श्वास सोडला तर ती उठेल, असं वाटून
धरून बसले.

भिंतीवर तक्ता होता चित्रांचा.
वर झाडाचं पान, नळाचा थेंब, चिमणी.
मधे माणसं बोलतायत.
त्याखाली कुत्रा, ट्रक, सगळ्यात तळाला विमान.
शाल्मलीच्या कानांची खूण कुत्र्याच्याही खाली.
हेरंबनं काळं पडलेलं बोट तळाशी टेकवलं:
इथं ट्रक आणि विमानाच्या मधे आमची गल्ली.
मॅडम त्याच्याकडे बघत राहिल्या.
तुम्ही कधी तपासलेत कान? त्यांनी विचारलं.
काय? तो म्हणाला.

मशिनांचा भाव ऐकून त्यानं मनात हिशेब केला,
मला दिसलं. ओठ हलले.
चाळीस घंगाळं. दिवाळीपर्यंत.

पण दुसऱ्या खेपेला मॅडमनी
गुलाबी लगदा मळून तिच्या कानात भरला,
थोड्या वेळानं अलगद काढला,
आणि हेरंब पहिल्यांदाच खुर्चीवरून उठला.
साचा, तो म्हणाला. तळहातावर घेऊन फिरवून पाहिला,
कड कुठे जाड, कुठे पातळ.
इथं जरा घासावं लागेल, नाहीतर टोचेल.
त्या बरं म्हणाल्या. खरंच लिहून घेतलं.

मशिनं बसली तेव्हा व्हिडिओत दाखवतात तसं
काहीच झालं नाही.
ती हसली नाही, माझ्याकडे वळली नाही.
दोन्ही उपटून तोंडात घातली.
रोज थोडी थोडी वेळ, मॅडम म्हणाल्या. घाई नको.
मी टोपीला नाड्या शिवल्या.
शिट्टी वाजली की साचा नीट बसवायचा,
बॅटरी तिच्या हाती लागू द्यायची नाही,
तिच्या समोर बसून, तोंड उजेडात ठेवून बोलायचं.
मी नळाशी बोलले, पोळीशी बोलले,
इतकं की माझाच घसा बसला.

सतराव्या दिवशी खाली बंबाला पहिला ठोका पडला
आणि वरच्या खोलीत
शाल्मली दचकून, लालबुंद होऊन,
आभाळ फाटावं तशी रडली.

मी तिला कडेवर घेऊन जिना उतरले.
तो पाठमोरा बसलेला. हातोडी वर जात होती.
हेरंब, म्हटलं.
हेरंब.
मग त्याच्या खांद्यावर हात ठेवला.
रडतेय, मी म्हणाले. ऐकून रडतेय.
काय? तो म्हणाला.

त्याच्या डायरीत माझ्या अक्षरात लिहिलंय:
पुढचा मंगळवार, अकरा वाजता,
दोघांनाही.