कडेच्या जरा आधी

औलूत जानेवारीमध्ये सूर्य हजेरीपुरता येतो,
सही करतो, बसत नाही.
तिसऱ्या मजल्यावर मी, ओत्सो
आणि एक टेस्ट,
जी एका सिम्युलेटरवर पास होते
आणि दुसऱ्यावर
सात हजार तीनशे बाराव्या नॅनोसेकंदाला मरते.
डिझाइन तेच. बेंच तोच. सीडसुद्धा तोच.

ओत्सो म्हणतो, व्हेल्लामो, टूल खोटं बोलतंय.
सगळे आधी असंच म्हणतात.
मीही म्हणाले होते, केस सोनेरी होते तेव्हा.

वेव्हफॉर्म उघडलं.
काळ्या पडद्यावर हिरव्या पायऱ्या.
क्लॉक वर चढतो त्या क्षणी
डिझाइन परवानगीची तार खाली घेतं,
आणि त्याच क्षणी आमचा बेंच विचारतो:
परवानगी आहे का?
त्याच म्हणजे त्याच. मध्ये केसाचीही फट नाही.
पण शून्याच्या आतसुद्धा रांग असते,
आणि त्या रांगेत कोण पुढे
याचं वचन कुणी कुणाला दिलेलं नाही.
एक सिम्युलेटर आधी विचारतो,
एक आधी बदलतो.
दोघेही नियमात.

मग कालेर्वोची ठिगळं सापडू लागली.
कालेर्वो आता निवृत्त, मधमाश्या पाळतो.
जिथे जिथे दुखलं
तिथे तिथे त्याने लिहून ठेवलेलं:
एक नॅनोसेकंद थांब.
एक्केचाळीस ठिकाणी.
शेवटच्या ओळीशेजारी टीप:
काढू नका. का चालतं ते मला माहीत नाही.
इतकी प्रामाणिक टीप
मी या धंद्यात दुसरी वाचली नाही.

माझे वडील हैलुओतो बेटावर टपाल न्यायचे,
हिवाळ्यात गोठलेल्या समुद्रावरून.
बर्फाच्या रस्त्यावर त्यांचा एकच धडा:
पुढच्या गाडीच्या पाठीला लागायचं नाही.
गाडीखाली बर्फ वाकतो,
बर्फाखाली पाण्याची लाट चालते,
ती दिसत नाही.
तिला जाऊ दे. मग निघ.
किती वेळ, मी विचारायचे.
ते काचेवरची वाफ पुसायला घ्यायचे.
ते काही उत्तर नव्हतं,
पण पुसून होईपर्यंत तेवढा वेळ गेलेला असायचा.

ओत्सोला हे नाही सांगितलं.
सांगितलं ते एवढंच:
कडेवर पाहायचं नाही, कडेवर बोलायचं नाही.
पाहायचं कडेच्या एक पाऊल आधी,
जेव्हा सगळं स्थिर आहे,
मागच्या चक्राचं शेवटचं खरं अजून हातात आहे.
बोलायचं कड गेल्यावर,
दोन नॅनोसेकंदांनी.
आणि हे लिहायचं एकाच जागी, इंटरफेसच्या दारात,
म्हणजे आतल्या कुणाला
सारखं घड्याळाकडे बघावं लागणार नाही.

एक पाऊल म्हणजे किती?
सिम्युलेटरला मोजता येतं त्यातलं सगळ्यात लहान.
एवढ्याशाने काय होतं?
मी काच पुसायला घेतली. चष्म्याची.

एक्केचाळीस ठिगळं उसवली.
पहिला रन लालेलाल,
जिकडे तिकडे एक्स,
रीसेट सुटायच्या आतच आम्ही वाचायला बसलो होतो.
दुसऱ्यात स्कोअरबोर्ड एका चक्राने मागे,
पाहुणे गेल्यावर कॉफी मांडणाऱ्यासारखा.
तिसऱ्या रात्री साडेनऊला
दोन्ही सिम्युलेटरांचे लॉग
अक्षराला अक्षर जुळले.

आणि मग एक टेस्ट पडली.
दोन्हीकडे. एकाच नॅनोसेकंदाला.
दोन मागणाऱ्यांना एकदम परवानगी.
बेंचचा दोष नव्हे, चिपचा,
चार वर्षं ठिगळाखाली ऊब घेत बसलेला.
ओत्सो खुर्चीवरून उठला, पुन्हा बसला.
अपयशाला एवढं हसताना
सफाईवाल्या पिर्क्कोने आम्हांला पाहिलं,
आणि बादली घेऊन ती दुसऱ्या मजल्यावर गेली.

रात्री कालेर्वोला लिहिलं:
तुझं ते का चालत होतं, सापडलं.

सकाळी उत्तर आलं:
म्हणजे, चालत नव्हतं.
मध पाठवतो.