चार-पाच

बत्तीस वर्षं नाशिक रोडला नोटा तपासल्या.
अंगठा आणि तर्जनी, एवढ्यावर संसार झाला.
मधलं बोट टेकू द्यायचं,
उरलेली दोघं कागदाच्या कडेला
लग्नातल्या लांबच्या पाहुण्यांसारखी बसून असायची.
आता सलोमीबाई अमोलिक म्हणतात,
त्याच दोघांना कामाला लावा.

शरणपूरला, चर्चमागच्या गल्लीत त्यांचा पियानो.
पावसाळ्यात फुगतो, जानेवारीत आक्रसतो.
वर्षातून एकदा पुण्याहून माणूस येतो
आणि कान लावून लावून त्याला शिव्या देतो.
मी जेलरोडवरून बसनं निघतो, द्वारकेला अडकतो,
अडकल्या अडकल्या मांडीवरच्या पिशवीवर बोटं चालवतो:
चार पाच चार पाच चार पाच.
शेजारचा जरा सरकून बसतो.

कागदावर खूण साधीच असते.
स्वराच्या डोक्यावर दोन अक्षरं, पुढे नागमोडी रेघ,
पेन चालतंय का ते कुणी बघितल्यासारखी.
"वरच्या स्वरापासून सुरू," बाई म्हणतात.
"आणि मोजून. थरथर नकोय मला.
थरथर काय, थंडीनंही होते."

करंगळी शाळेत एकाच कामासाठी वर व्हायची.
अनामिकेला तर नावच नाही.
तिची दोरी मधल्या बोटाच्या दोरीला बांधलेली;
एकटीला उचलावं तर अख्खा पंजा उठतो,
एका कारकुनाला हाक मारली
की सगळं टेबल चहाला निघावं तसा.

पहिला महिना एका ठोक्याला दोन.
मग तीन. मग चार, पण दिवसाआड.
मनगट सैल, कोपर सैल,
जबडासुद्धा सैल (बाई जबडा बघतात).
एक-तीन, दोन-तीन अशी बोटं बदलून पाहिली,
गोड वाजलं. पण अंगठा मोकळा हवा.
त्याला खाली गाणं म्हणायचंय,
वर चार-पाच चालू असतानाच.
तिथं सहा आठवडे गेले.
खालून गाणं आलं की वरची दोघं जागच्या जागी गप्प,
लाइट गेल्यासारखी.

बाई दारात मेथी निवडत होत्या.
"पगारे, एक गाळा."
काय?
"अंगठा पडतो ना, त्या क्षणी वरचा एक स्वर गाळा.
कुणाला कळत नाही. भलेभले हेच करत आलेत.
ऐकणारा भरून घेतो."

मी हात मांडीवर घेतले.
एक रेघ पुसट, एक आकडा कलता,
की अख्खा ताव बाजूला. लाल पेन्सिल.
घरीसुद्धा भाजीवाल्यानं दिलेली नोट उजेडाला धरायचो,
बायको म्हणायची, सोडा हो, तुमच्याच हातून गेलेली आहे ती.
आणि ही म्हातारी मला, मला,
खोटी नोट चालवायला सांगते.

तीन दिवस गेलो नाही.
चौथ्या दिवशी गेलो. चहाच्या ग्लासावर बोटं शेकली. बसलो.
अंगठा पडला. वरचा एक गाळला.
रेघ तुटली नाही.
पुन्हा. गाणं खालून चालत राहिलं,
वर चार-पाच, चार-पाच, सलग,
आणि मी त्या जागी कान लावून, तपासनीस,
मलाही भोक सापडेना.

आतला विळीचा आवाज थांबला.
"कुठला गाळलात?"
"तिसऱ्या मात्रेवरचा."
"हं," बाई म्हणाल्या. "मी पहिलीवरचाही गाळते."
विळी पुन्हा सुरू.

खिशात पेन्सिल होती, लालच,
निरोपसमारंभाच्या दिवशी चुकून घरी आलेली.
त्या स्वरावर बारीकशी फुली मारली
आणि मारल्यावर वाटलं, हे काय केलं,
आता पुढच्याला सापडेल.
बाईंच्या नातवाचं खोडरबर घेतलं.
लाल खोडता खोडता गुलाबी झालं.
गेलं नाही.