हजारात एक

बायान लेपासच्या कारखान्यात
बी खिमचा डाख, मुकादम म्हणायचा,
हजारात एक.
शिसं तिचं ऐकायचं.
जरा ऊब दिली की वितळायचं,
थेंब बसायचा
लखलखीत.

मग युरोपातून कागद आला :
शिसं हजारात एक भाग.
तिळभरही जास्त नाही.

नवं कथील हट्टी,
जास्त आच मागतं,
आणि सांधा असा मंद, राखाडी
की पहिला आठवडाभर ती
चांगले बोर्डही नापास करत होती.

काल मुलगी म्हणाली, आई,
तू कामावरून आलीस की आधी हात धुवायचीस,
मग मला उचलायचीस.
किती वेळ धुवायचीस.

आज बी खिमनं
दिव्याखाली धरला एक सांधा.
चमक नव्हती.
पास केला.