आजचा भाव

गेल्या साली इल्झेबाईंच्या शंभर युरोंत
माझ्या खोलीच्या सात रात्री बसायच्या.
यंदा आठ बसतात.
खोली तीच, देवबागची, खाडीकडे खिडकी.
पाटीवरचे बाराशे पन्नास मीच रंगवलेले.

काल लिलावात त्यांनी अख्खी सुरमई
घासाघीस न करता उचलली.
शेवंता तांडेलीण पाटी डोक्यावर घेत म्हणाली,
"हिका म्हागाई लागणा नाय काय गो?"

नोदार इथे पर्यटकांना बुडी मारायला शिकवतो.
पगार रुपयांत.
पाच तारखेला बातुमीत आईला पाठवतो,
आणि फोनवर तिकडचा आकडा बघत बसतो:
खोल जाताना वर पाहावं
आणि आपलीच होडी
नखाएवढी दिसावी, तसा.

माझ्या इंजिनाचा पंखा जपानहून येतो.
मालवणचा दुकानदार
हल्ली त्याची किंमत सांगत नाही,
"आजची" किंमत सांगतो.

रात्री तिघं एका टेबलावर.
इल्झेबाई नवा मराठी शब्द शिकल्यात : स्वस्त.
भाताला स्वस्त म्हणाल्या, सोलकढीला म्हणाल्या,
दिव्याभोवतीच्या पाखरांनाही, हसत.
नोदार बांगड्याचा काटा
फार सावकाश काढत होता.

जेवणं आटोपल्यावर बायकोने ब्रश आणून दिला.
पंधराशे करा म्हणाली, बरोबरच म्हणाली.
डबा उघडला, वरची साय बाजूला केली,
पहिला आकडा तसाच ठेवायचा होता,
दोनाचा पाच काही कठीण नाही.

पण मागच्या खोलीत नोदार राहतो.
आणि पाटी एकच आहे.